पशुरोगनिदान प्रयोगशाळेचे आर्थिक मूल्य कसे काढावे: हे काम प्रथमच हाती घेणाऱ्यांसाठी

पशुरोगनिदान प्रयोगशाळेचा वार्षिक अहवाल उघडला की त्यात बहुधा दोन आकडे ठळकपणे दिसतात: वर्षभरात किती नमुने तपासले आणि किती शुल्क जमा झाले. खर्चाचा आकडा शुल्कापेक्षा मोठा असला की अंदाजपत्रकाच्या बैठकीत हा तोटा किती वर्षे सोसायचा, असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. त्या प्रश्नाचे उत्तर तयार करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर पहिल्यांदाच आली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे; मग ते प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेले अधिकारी असोत, पशुपालकांच्या संस्थेचे व्यवस्थापक असोत किंवा पशुवैद्यकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांच्या सीमेवर काम करू पाहणारे विद्यार्थी असोत. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्यावी. शुल्क म्हणजे प्रयोगशाळेची जमा. तिचे मूल्य मात्र, तिच्या अहवालामुळे कोणीतरी जो वेगळा निर्णय घेते आणि त्या निर्णयामुळे जे नुकसान टळते, त्यात असते. म्हणून हिशेबाची सुरुवात प्रयोगशाळेच्या वहीपासून न करता गोठ्यापासून, कळपापासून आणि बाजारापासून करावी लागते.

पहिली पायरी: अहवालामुळे कोणता निर्णय बदलतो ते लिहून काढा

प्रयोगशाळेत होणाऱ्या चाचण्यांची यादी समोर घ्यावी आणि प्रत्येक चाचणीपुढे लिहावे की, निकाल होकारार्थी आला तर कोण काय करील आणि नकारार्थी आला तर काय करील. दोन्ही रकान्यांत एकच उत्तर येत असेल, तर ती चाचणी शास्त्रीयदृष्ट्या कितीही अचूक असली तरी त्या परिस्थितीत तिचे आर्थिक मूल्य शून्य आहे. हे वाचायला कठोर वाटते. परंतु हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला नाही, तर पुढचा सगळा हिशेब फुगवटा ठरतो.

उदाहरण म्हणून कासदाह घेऊ. दुधातील कायिक पेशींची (म्हणजे मुख्यतः संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या दर मिलिलिटरमागे २,००,००० च्या वर गेली की कासेत संसर्ग असावा असे सर्वसाधारणपणे धरतात. पण एवढ्यावरून काय करायचे ते ठरत नाही, कारण निर्णय जंतूवर अवलंबून असतो. दुधाच्या संवर्धन चाचणीत, म्हणजे नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याच्या चाचणीत, एका गाईकडून दुसरीकडे पसरणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू सापडला तर ती गाय सर्वांत शेवटी पिळणे, वेगळी ठेवणे किंवा दीर्घकाळ बरी होत नसेल तर कळपातून काढणे हे पर्याय समोर येतात. परिसरातून येणारे जंतू सापडले तर गाईंच्या बसण्याच्या जागेची स्वच्छता आणि अंथरूण यांकडे लक्ष वळते. आणि सौम्य आजारात कोणताही जंतू वाढला नाही, तर बऱ्याचदा प्रतिजैविक न देता गाय सुधारते. मग औषधाचा खर्च वाचतो आणि औषधाचा अंश असल्यामुळे जे दूध ओतून द्यावे लागले असते तेही वाचते. एकाच नमुन्यातून तीन निराळे निर्णय निघतात आणि प्रत्येकाची किंमत निराळी असते.

हा निर्णय कोण घेतो, याचीही नोंद करावी. एखाद्या जनावरावर उपचार करायचे की नाही हे पशुपालक आणि त्याचा पशुवैद्यक ठरवतात. कळपात लसीकरण करायचे की बाधित जनावरे काढायची हा निर्णय व्यवस्थापकाचा असतो. परिसरातील जनावरांची वाहतूक थांबवायची का हे शासन ठरवते. आणि जिथून नमुना आला त्या देशातून जनावरे, मांस किंवा दूध घ्यायचे का हे आयात करणारा देश ठरवतो. एकच अहवाल या चारही पातळ्यांवर पोहोचू शकतो, आणि वरच्या पातळ्यांवरील मूल्य बहुतेक वेळा खालच्यापेक्षा कितीतरी मोठे असते.

या यादीत एक काम मात्र सहजासहजी बसत नाही, ते म्हणजे शवविच्छेदन आणि ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी. पीसीआर चाचणी, म्हणजे जंतूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी, ज्या रोगाचा शोध घ्यायला सांगावे तोच शोधते. विकृतिशास्त्रज्ञ मात्र काय शोधायचे हे ठाऊक नसताना शोधतो. १९८६ मध्ये ब्रिटनमधील वेब्रिज येथील केंद्रीय पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत गाईंच्या मेंदूच्या ऊतींमध्ये स्पंजासारखी छिद्रे आढळली आणि बीएसई, म्हणजे ज्याला पुढे लोक ‘मॅड काऊ’ म्हणू लागले, तो रोग ओळखला गेला. त्या रोगाची चाचणी त्या वेळी कोणत्याही यादीत असणे शक्यच नव्हते. अशा सेवेचे मूल्य वर्षागणिक मोजता येत नाही, म्हणून ते ‘अपेक्षित परंतु अनिश्चित लाभ’ या शीर्षाखाली वेगळे नोंदवावे आणि खर्चकपातीत ती सेवा सर्वांत आधी बळी पडणार नाही याची काळजी घ्यावी. माझ्या मते नवोदितांकडून सर्वाधिक वेळा होणारी चूक हीच आहे: जे मोजता येते तेवढेच खरे मानणे.

दुसरी पायरी: चाचणीसह आणि चाचणीविना, असे दोन हिशेब मांडा

निर्णयांची यादी तयार झाली की त्यांतील महत्त्वाच्या प्रत्येक निर्णयासाठी एक छोटे गणित मांडायचे असते. हे गणित अवघड नाही, पण ते एकदा स्वतःच्या हाताने केल्याखेरीज अंगवळणी पडत नाही. खालील उदाहरणातील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. चलनाऐवजी ‘एकक’ हा शब्द वापरला आहे, म्हणजे वाचकाला आपापले दर त्यात भरता येतील.

एका कळपात श्वसनविकाराची साथ आली आहे. लक्षणे पाहून पशुवैद्यकाचा अंदाज असा आहे की कारण जिवाणूजन्य असण्याची शक्यता ६० टक्के आणि विषाणूजन्य असण्याची ४० टक्के आहे. संपूर्ण कळपाला प्रतिजैविक देण्याचा खर्च ३,००० एकक आहे. रोग जिवाणूजन्य असून उपचार केले तर मरतूक आणि उत्पादनघट मिळून २,००० एककांचे नुकसान होईल, उपचार केले नाहीत तर १०,००० एककांचे. रोग विषाणूजन्य असेल तर प्रतिजैविकाचा उपयोग नाही आणि नुकसान दोन्ही परिस्थितींत ५,००० एकक राहील.

चाचणी केली नाही, तर सर्वांवर उपचार करण्याचा अपेक्षित एकूण भार असा येतो: औषधाचे ३,०००, त्यात २,००० चे ६० टक्के म्हणजे १,२००, आणि ५,००० चे ४० टक्के म्हणजे २,०००, एकूण ६,२०० एकक. उपचार न करण्याचा भार ६,००० अधिक २,००० म्हणजे ८,००० एकक होतो. म्हणून चाचणीविना शहाणा व्यवस्थापक सरसकट उपचार करील आणि ६,२०० एककांचा भार सोसेल.

आता खात्रीलायक चाचणी उपलब्ध आहे असे धरू. जिवाणू निघाला तर उपचार करायचे, विषाणू निघाला तर करायचे नाहीत. अपेक्षित भार होतो ५,००० चे ६० टक्के अधिक ५,००० चे ४० टक्के, म्हणजे ५,००० एकक. दोहोंतील फरक १,२०० एकक. हेच त्या माहितीचे मूल्य आहे. चाचणीला २०० एकक लागत असतील तर निव्वळ लाभ १,००० एककांचा आहे.

हेच गणित थोडे हलवून पाहिले की खरी समज येते. पशुवैद्यकाला आधीपासूनच ९५ टक्के खात्री असेल की रोग जिवाणूजन्य आहे, तर चाचणीविना सरसकट उपचाराचा भार ५,१५० एकक येतो, चाचणीसह तो ५,००० च राहतो, आणि माहितीचे मूल्य १५० एककांवर उतरते; २०० एककांची चाचणी तेव्हा परवडत नाही. उलट, अनिश्चितता जिथे मोठी आहे आणि चुकीच्या निर्णयाची किंमत जबर आहे, तिथे चाचणीचे मूल्य सर्वाधिक असते. दुसरा बदल असा करावा की, अहवाल येईपर्यंत उपचार थांबवले आणि त्या विलंबामुळे जिवाणूजन्य रोगातील नुकसान २,००० एककांनी वाढले. या वाढीचे ६० टक्के म्हणजे नेमके १,२०० एकक. म्हणजे माहितीचे सगळे मूल्य विलंबाने खाल्ले आणि चाचणीचे शुल्क वरून अंगावर पडले. अचूक पण उशिरा आलेला अहवाल आर्थिकदृष्ट्या काही वेळा न आलेल्या अहवालापेक्षाही महाग पडतो, हे या साध्या उदाहरणातून दाखवता येते, आणि निधी देणाऱ्यांसमोर ते दाखवावेच.

तिसरी पायरी: चुकीच्या निकालांची किंमत हिशेबात धरा

वरच्या उदाहरणात चाचणी कधीच चुकत नाही असे धरले होते. प्रत्यक्षात प्रत्येक चाचणीला दोन गुण असतात: बाधित जनावर बाधित म्हणून पकडण्याची क्षमता, म्हणजे संवेदनक्षमता, आणि निरोगी जनावराला निरोगी म्हणण्याची क्षमता, म्हणजे विशिष्टता. १,००० जनावरांच्या कळपात २ टक्के, म्हणजे २० जनावरे बाधित आहेत. चाचणीची संवेदनक्षमता ९५ टक्के आणि विशिष्टता ९८ टक्के आहे. बाधितांपैकी १९ पकडली जातील आणि १ निसटेल. निरोगी ९८० जनावरांपैकी २ टक्के, म्हणजे सुमारे २० जनावरे चुकून होकारार्थी ठरतील. अशा रीतीने होकारार्थी आलेल्या ३९ जनावरांपैकी निम्म्याहून अधिक निरोगी असतील. त्या सर्वांना कळपातून काढण्याचा नियम असेल, तर प्रयोगशाळेने खूप मोठे नुकसान घडवून आणले असे होईल.

यावर उपाय म्हणजे पहिल्या स्वस्त चाचणीत होकारार्थी आलेल्या नमुन्यांवरच दुसरी, अधिक विशिष्ट चाचणी करणे. सांसर्गिक गर्भपाताच्या, म्हणजे ब्रुसेलोसिसच्या तपासणीत रोझ बेंगॉल या स्वस्त रक्तचाचणीने चाळणी करून पुढे एलायझा किंवा पूरकबंधन या प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांनी खात्री करण्याची पद्धत याच विचारावर उभी आहे. पुष्टीकरणाच्या चाचणीचा दर पाहून ती महाग आहे असे म्हणणारे बरेच भेटतात. वरच्या उदाहरणात ती केवळ ३९ जनावरांवर करायची असून तिच्यामुळे २० निरोगी जनावरे वाचण्याची शक्यता निर्माण होते, हे त्यांना आकड्यांनिशी सांगावे.

नमुने किती घ्यायचे यातही पैसा दडलेला आहे. मोठ्या कळपात किमान ५ टक्के जनावरे बाधित असतील तर त्यांतील एक तरी ९५ टक्के खात्रीने सापडावे यासाठी, चाचणी निर्दोष धरल्यास, ५९ जनावरे तपासावी लागतात. तेच प्रमाण १ टक्का असेल तर २९९. प्रश्न ‘कळपात रोग आहे का’ एवढाच असताना प्रत्येक जनावर तपासणे हा अपव्यय आहे, आणि प्रश्न ‘नेमके कोणते जनावर बाधित आहे’ असा असताना केवळ ५९ तपासणे निरुपयोगी आहे. दुर्मीळ रोगाचा शोध घेताना पाच-पाच नमुने एकत्र करून तपासल्यास १०० जनावरांसाठी आधी २० चाचण्या पुरतात, आणि एखादा गट होकारार्थी निघाला तरच त्यातील पाच नमुने स्वतंत्रपणे तपासावे लागतात. मात्र एकत्र केल्याने नमुना विरळ होतो आणि संवेदनक्षमता घटू शकते. तेव्हा ती बचत आंधळेपणाने करू नये.

चौथी पायरी: साथीच्या रोगांत वेळेला पैशात बदला

एका कळपापुरत्या हिशेबातून बाहेर पडून संपूर्ण प्रदेशाचा विचार करताना सर्वांत मोठा घटक वेळ हा असतो. बाधित ठिकाणांची संख्या दर ३ दिवसांनी दुप्पट होत असेल, तर एका ठिकाणापासून सुरू झालेला रोग १२ दिवसांत १६ आणि २१ दिवसांत १२८ ठिकाणी पोहोचतो. नऊ दिवसांच्या विलंबाची किंमत म्हणजे ११२ जादा ठिकाणे, तेथील जनावरांची विल्हेवाट, भरपाई, निर्जंतुकीकरण आणि बंद पडलेला बाजार. प्रत्यक्ष प्रसार इतक्या नियमितपणे होत नाही, तरीही सुरुवातीच्या दिवसांचे वजन किती असते हे समजण्यासाठी हे गणित पुरेसे आहे.

२००१ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली लाळ-खुरकूत रोगाची साथ या बाबतीत फार काही शिकवते. १९ फेब्रुवारी रोजी कत्तलखान्यातील डुकरांमध्ये संशयास्पद लक्षणे दिसली आणि दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेने निदानाची पुष्टी केली. म्हणजे प्रयोगशाळेने जवळजवळ वेळ घालवलाच नाही. तरीही तोपर्यंत रोग किमान ५७ ठिकाणी पोहोचलेला होता, कारण पहिला नमुना प्रयोगशाळेत येण्यापूर्वीच काही आठवडे निघून गेले होते आणि मेंढ्यांची बाजारांतून दूरवर ने-आण झाली होती. पुढे ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. सार्वजनिक क्षेत्राला ३०० कोटी पौंडांहून अधिक आणि खासगी क्षेत्राला ५०० कोटी पौंडांहून अधिक भार पडला.

म्हणून विलंब मोजताना तो तुकड्यातुकड्यांनी मोजावा: लक्षण दिसल्यापासून पशुवैद्यकाला कळेपर्यंत, तेथून नमुना घेईपर्यंत, नमुना निघाल्यापासून प्रयोगशाळेच्या दारात येईपर्यंत, दारातून अहवालापर्यंत, आणि अहवालापासून प्रत्यक्ष कारवाईपर्यंत. प्रयोगशाळेतील तासांवरच सारे लक्ष केंद्रित करून नवे यंत्र विकत घेतले आणि नमुना मात्र पूर्वीप्रमाणेच चार दिवस वाटेत पडून राहिला, असे होणे अगदी शक्य आहे. अशा ठिकाणी शीतसाखळी, बर्फाच्या पिशव्या, नीट भरलेला नमुना-अर्ज आणि नमुने गोळा करणारे वाहन यांवर केलेला खर्च यंत्रावरच्या खर्चापेक्षा जास्त फळ देतो. सडलेला, गळलेला किंवा कोणत्या जनावराचा आहे हे न लिहिलेला नमुना आला की प्रयोगशाळेचा सर्व स्थिर खर्च होतो आणि निष्पन्न काहीच होत नाही. तेव्हा नाकारलेल्या नमुन्यांचे प्रमाण हा आर्थिक निर्देशक म्हणूनच नोंदवावा.

पाचवी पायरी: ‘रोग नाही’ या उत्तराची किंमत ओळखा

प्रयोगशाळेचे बहुसंख्य निकाल नकारार्थी असतात आणि त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की एवढा खर्च करून काहीच सापडले नाही. वस्तुतः व्यापाराच्या दृष्टीने नकारार्थी निकालच मौल्यवान असतो. १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबर अमलात आलेल्या करारानुसार जनावरांच्या आरोग्याच्या कारणावरून लावलेली व्यापारबंदी शास्त्रीय पुराव्यावर आधारलेली असावी लागते. ‘आमच्याकडे हा रोग नाही’ असे म्हणणाऱ्या देशाला तो पुरावा आपल्या प्रयोगशाळांतूनच द्यावा लागतो, आणि तो ग्राह्य धरला जावा म्हणून प्रयोगशाळेला आयएसओ १७०२५ या चाचणी प्रयोगशाळांच्या क्षमतेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मान्यता असणे उपयोगी पडते.

गुराढोरांच्या बुळकांडी (रिंडरपेस्ट) या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाचे उदाहरण पाहावे. १९२० मध्ये बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून जाणाऱ्या जनावरांमुळे युरोपात हा रोग पुन्हा शिरला आणि त्यातून १९२४ मध्ये पॅरिस येथे आज जागतिक पशुआरोग्य संघटना म्हणून ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. या रोगाचा शेवटचा ज्ञात प्रादुर्भाव २००१ मध्ये केनियात झाला, परंतु जग बुळकांडीमुक्त झाल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. मधली दहा वर्षे पुराव्यासाठी लागली. लस दिलेल्या जनावराच्या रक्तातही प्रतिपिंडे दिसत असल्यामुळे आधी लसीकरण थांबवावे लागले आणि मग नव्याने जन्मलेल्या जनावरांच्या रक्तजलाच्या तपासण्या करून विषाणू फिरत नसल्याचे दाखवावे लागले. त्या काळातील प्रत्येक नकारार्थी निकालाने लसीकरणाचा कायमचा खर्च संपवण्याच्या दिशेने एक पाऊल टाकले.

याउलट बाजूचे चित्र अमेरिकेत दिसले. डिसेंबर २००३ मध्ये तेथे बीएसईचे एक प्रकरण जाहीर झाल्यावर जपान आणि दक्षिण कोरियासह अनेक देशांनी अमेरिकी गोमांसाची आयात थांबवली आणि पुढील वर्षी त्या देशाची गोमांस निर्यात आदल्या वर्षाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर आली. एकाच गाईच्या निदानाने एवढे घडले, म्हणून निदान करणेच तोट्याचे होते असा निष्कर्ष काढणारे लोक असतात. तो चुकीचा आहे. गमावलेला विश्वास परत मिळवण्यासाठी पुढे ज्या वाढीव तपासण्या कराव्या लागल्या, त्याही प्रयोगशाळांनीच केल्या.

साथ चालू असतानाही नकारार्थी निकाल उत्पन्न वाचवतो. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत बर्ड फ्लूमुळे ५ कोटींच्या आसपास कोंबड्या आणि टर्की नष्ट झाल्या, तेव्हा नियंत्रण क्षेत्रातील रोगमुक्त फार्मना पीसीआर चाचणीचा नकारार्थी निकाल दाखवून अंडी आणि पक्षी हलवण्याचे परवाने मिळत होते. त्या निकालांविना निरोगी पक्ष्यांचा मालही जागेवर कुजला असता.

सहावी पायरी: माणसांच्या आरोग्याचा लाभ वेगळ्या रकान्यात मांडा

रेबीजची शंका असलेल्या कुत्र्याचा मेंदू तपासून तो नकारार्थी आला, तर जिथे प्रयोगशाळेवर तेवढा विश्वास ठेवता येतो तिथे चावलेल्या माणसाची सुरू केलेली लसमालिका थांबवता येते. येथे बचत सरळ मोजता येते. काही लाभ मात्र अप्रत्यक्ष असतात. १९९९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कमध्ये माणसांतील मेंदूज्वर सेंट लुई विषाणूमुळे असल्याचे मानले जात होते, पण त्याच वेळी कावळे आणि प्राणिसंग्रहालयातील पक्षी मरत होते, आणि हे त्या निदानाशी जुळत नाही असे एका पशुवैद्यकीय विकृतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. अखेर तो वेस्ट नाईल विषाणू निघाला. हे लाभ आरोग्य खात्याच्या खात्यावर जमा होतात, प्रयोगशाळेचा खर्च मात्र पशुसंवर्धनाच्या खात्यातून जातो. दोन्ही खाती शेजारी ठेवल्याखेरीज हिशेब पूर्ण होत नाही.

सातवी पायरी: खर्च पूर्णपणे आणि न लपवता लिहा

लाभाची बाजू मांडण्याच्या उत्साहात खर्चाची बाजू कमी दाखवण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण एका वगळलेल्या खर्चामुळे संपूर्ण अहवालावरील विश्वास जातो. इमारत, यंत्रे, वेतन आणि वीज हे सर्वांना सुचतात. यंत्रांचे अंशशोधन (मापे अचूक आहेत का याची पडताळणी), तुलनेसाठीची संदर्भद्रव्ये, बाहेरून आलेले अज्ञात नमुने तपासून आपली अचूकता पडताळणाऱ्या प्रवीणता चाचण्यांमधील सहभाग, मृतदेहांची सुरक्षित विल्हेवाट, माहिती प्रणाली आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण मात्र विसरले जाते. यांतील बहुतेक खर्च स्थिर असतात, म्हणजे नमुने १०० आले काय किंवा १,००० आले काय, ते होणारच. त्यामुळे एका नमुन्यामागील सरासरी खर्च आणि आणखी एक नमुना तपासण्याचा वाढीव खर्च यांत मोठी तफावत असते, आणि शुल्क ठरवताना यांपैकी कोणता आकडा धरला आहे हे स्पष्ट लिहावे.

शांत काळात काही क्षमता रिकामी दिसते. तिला अपव्यय म्हणणे मला मान्य नाही. साथीच्या पहिल्या आठवड्यात नमुन्यांचा जो पूर येतो तो याच राखीव क्षमतेवर पेलला जातो, आणि त्या वेळी प्रशिक्षित माणसे बाजारातून विकत आणता येत नाहीत. मात्र ही क्षमता किती ठेवायची याला मर्यादा हवी, आणि ती मर्यादा मागील साथींतील सर्वाधिक दैनंदिन नमुन्यांवरून ठरवावी.

जैवसुरक्षेचा धोका हाही खर्च आहे. २००७ मध्ये इंग्लंडमधील सरे परगण्यात लाळ-खुरकूत रोग ८ ठिकाणी आढळला आणि त्याचे मूळ पिरब्राइट येथील संशोधन व लसनिर्मिती संकुलाच्या सदोष सांडपाणी वाहिन्यांपर्यंत पोहोचले. देखभालीवरचा खर्च वाचवला की तो कुठे निघतो, याचे हे उदाहरण प्रत्येक अंदाजपत्रकाच्या टिपणात असावे.

आठवी पायरी: पैसे कोणी द्यावेत हे लाभ कोणाला होतो यावरून ठरवा

आपल्या गाईच्या कासदाहाच्या चाचणीचा लाभ जवळजवळ संपूर्णपणे पशुपालकाला होतो, म्हणून तिचे शुल्क त्याने देणे रास्त आहे. अनपेक्षित गर्भपात किंवा अचानक मरतूक झालेल्या जनावराच्या तपासणीचा लाभ मात्र शेजारच्या शेकडो कळपांना होतो, आणि नमुना पाठवणाऱ्याच्या वाट्याला बहुधा त्रासच येतो: निदान निघाले तर वाहतूकबंदी, विक्रीबंदी, कदाचित कळप मारण्याचा आदेश. अशा चाचणीला शुल्क लावले तर नमुने येणे थांबते आणि त्याबरोबर धोक्याची सूचनाही थांबते. त्यामुळे सूचनापात्र, म्हणजे शासनाला कळवणे कायद्याने बंधनकारक असलेल्या, रोगांच्या संशयित नमुन्यांची तपासणी विनाशुल्क ठेवणे आणि मारलेल्या जनावरांची भरपाई वेळेवर देणे हे औदार्य नसून माहिती विकत घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. भरपाई मात्र बाजारभावापेक्षा अधिक असू नये, नाहीतर काळजी घेण्याची प्रेरणाच कमी होते.

नववी पायरी: लाभ फुगवणाऱ्या चुका शोधून काढा

सर्वांत मोठी चूक तुलनेत होते. ‘प्रयोगशाळा नसती तर’ याचा अर्थ ‘निदानच झाले नसते’ असा धरला जातो, पण प्रत्यक्षात नमुने दूरच्या प्रयोगशाळेत गेले असते आणि निदान काही दिवस उशिरा झाले असते. तेव्हा आपल्या प्रयोगशाळेच्या नावावर टाकायचे मूल्य हे त्या काही दिवसांचे आणि उशिरामुळे न पाठवल्या गेलेल्या नमुन्यांचे असते, साऱ्या साथीचे नसते. त्याचप्रमाणे रोग आटोक्यात आणण्यात लस, क्षेत्रीय पशुवैद्यक, वाहतूक नियंत्रण आणि पशुपालकांचे सहकार्य यांचाही वाटा असतो. प्रत्येक विभागाने संपूर्ण बचत स्वतःच्या नावावर लिहिली तर एकाच रकमेची चार वेळा बेरीज होते.

दुसरी चूक बाजारभावाची आहे. साथीमुळे पुरवठा घटून भाव वाढले तर ज्यांच्या कळपात रोग नाही त्यांना फायदा होतो आणि ग्राहकाचे तितकेच नुकसान होते. ही एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलेली रक्कम आहे, ती समाजाच्या एकूण नुकसानीत मिळवू नये. तिसरी चूक काळाची: दहा वर्षांनी मिळणाऱ्या १,००० एककांचे आजचे मूल्य ५ टक्के दराने सुमारे ६१४ एककच असते, म्हणून आजचा खर्च आणि पुढचे लाभ जसेच्या तसे वजा करू नयेत.

गृहीतके अपरिहार्य आहेत, पण ती उघड ठेवावीत. साथ येण्याची शक्यता, विलंबाचे दिवस आणि प्रयोगशाळेचा वाटा ही तीन गृहीतके निम्मी आणि दुप्पट करून पाहावीत आणि निष्कर्ष टिकतो का ते सांगावे. एकच मोठा आकडा देण्याऐवजी कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा दिली तर तज्ज्ञ वाचक त्या अहवालावर अधिक विश्वास ठेवतो.

दहावी पायरी: आजपासून कोणत्या नोंदी ठेवायच्या ते ठरवा

हा हिशेब बहुतेक ठिकाणी नोंदींच्या अभावी अडतो. नमुना-अर्जावर जनावराचे वय, कळपाची संख्या, लक्षणे सुरू झाल्याची तारीख आणि पशुवैद्यकाचा प्राथमिक अंदाज हे चार रकाने असावेत. यांतील शेवटचा रकाना नसेल तर अहवालाने मत बदलले की नाही हे कधीच कळत नाही. नमुना घेतल्याची, पोहोचल्याची आणि अहवाल गेल्याची तारीख व वेळ आपोआप नोंदली जाईल अशी व्यवस्था करावी. दर महिन्याला काही मोजक्या प्रकरणांत, अहवाल मिळाल्यानंतर ४ ते ६ आठवड्यांनी पशुवैद्यकाला दूरध्वनी करून तीन गोष्टी विचाराव्यात: अहवालानंतर उपचार बदलले का, किती जनावरे वाचली किंवा काढली, आणि अहवाल एक आठवडा उशिरा आला असता तर काय केले असते. वर्षभरात अशी शंभरेक उत्तरे जमली की दुसऱ्या पायरीतील गणितात अंदाजाऐवजी स्वतःच्या कार्यक्षेत्रातील आकडे भरता येतात, आणि त्यानंतरच्या वर्षी प्रत्येक चाचणीपुढील होकार-नकाराचे रकाने पुन्हा तपासून, ज्या चाचण्यांमुळे कोणाचाही निर्णय बदलत नाही असे दिसते त्यांचे मनुष्यबळ ज्या नमुन्यांना आज सर्वाधिक विलंब होतो त्यांच्याकडे वळवता येते.